वेंगुर्ल्यात राहायला येऊन चौदा महिने झाले, अनुभव आणि एक प्रश्न

पागोळी

नमस्कार मंडळी. मागच्या मार्चमधे पुण्यातलं बिऱ्हाड आवरून आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि ७९ वर्षांच्या सासूबाई, वेंगुर्ल्याला राहायला आलो. 'समुद्राजवळ छोट्या गावात कायमचं राहायला जायचंय, कसं काय' असं बरेच जण विचारतात आणि उत्तरं बहुतेक वेळा चार दिवस सुट्टीला जाऊन आलेले देतात, म्हणून म्हटलं आख्खा पावसाळा काढलाय तर आपण लिहावं. शेवटी माझाही एक प्रश्न आहे, जाणकारांनी प्लीज सांगा.

सासूबाईंचं माहेर परुळ्याचं, इथून जवळच. लग्न होऊन मुंबईला गेल्या त्या वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीने, कारण तेव्हा रेल्वे कुठली, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. आता त्याच परुळ्याजवळ चिपीला विमानतळ झालाय २०२१ पासून, पण त्यांना अजून बंदरावर जाऊन बसायला आवडतं. नवऱ्याचं अकाउंट्सचं काम घरून चालतं, मी शाळेतून लवकर निवृत्ती घेतली. भाड्याने घर मिळालं बंदराच्या रस्त्याच्या आतल्या एका आवाठात, म्हणजे वाडीत. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे खळं (अंगण), मागे बाव (विहीर).

मार्च, एप्रिल, मे म्हणजे नुसतं कौतुक. आंबे, काजू, रातांबे (कोकमाची फळं), फणस, दर आठवड्याला पुण्याहून कुणीतरी पाहुणे. मेच्या मध्यावर शेजारच्या काकी आल्या आणि म्हणाल्या, "नळे परतून घेतलास काय? झाप बांधूक माणूस सांगितलास?" मला दोन्ही कळलं नाही. नळे परतणं म्हणजे कौलं काढून साफ करून फुटकी बदलून परत बसवणं, आणि झाप म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले, ते पश्चिमेच्या बाजूने पडवीला बांधतात नाहीतर वाऱ्याबरोबर पाऊस थेट माजघरात येतो. माणूस मिळाला नाही कारण सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, आम्ही निळी ताडपत्री आणून बांधली, आणि ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत फाटून माडाला जाऊन लटकली. पडवीतली पुस्तकांची दोन खोकी भिजली ती भिजलीच.

पावसाळ्याबद्दल जेवढं सांगू तेवढं थोडं. जूनपासून गणपतीपर्यंत कपडे सुकत नाहीत. चामड्याच्या चपला, बॅग, नवऱ्याचा पट्टा, सगळ्यावर हिरवी बुरशी. लाकडी कपाटाचं दार फुगून बंद होईना. त्यात समुद्राची खारी हवा, म्हणजे लोखंडाचं काहीही टिकत नाही, खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या, फ्रिजच्या मागची नळी गंजून गॅस गेला, स्कूटरच्या बोल्टांवर तांबूस पावडर. लाइट जाते ती कधी चार तास, एकदा तर सलग दोन दिवस. पावसाआधीच्या विजांनी वायफायचा राउटर जळला, तेव्हापासून ढग दिसले की आधी प्लग काढायचे ही सवय लागली. मासेमारी जून-जुलै बंद. ताजे मासे म्हणजे नदी-व्हाळातले चढणीचे मिळाले तर, नाहीतर मेमधे भरून ठेवलेले सुके बांगडे, गोलमा आणि सोडे, आणि आम्ही काहीच भरून ठेवलं नव्हतं. काकींनी डबाभर गोलमा दिला, त्यावर सासूबाईंनी पहिला पाऊस काढला.

जुलैमधे मी दोनदा रडले हे प्रामाणिकपणे लिहिते. सहा वाजता अंधार, दर्याची गाज इतकी मोठी की एकमेकांशी ओरडून बोलायचं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत जाऊया असं मी नवऱ्याला म्हटलं होतं.

त्यातच एका रात्री सासूबाईंना धाप लागली. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्या, इकडे मोठं काही झालं की सगळा सिंधुदुर्ग तिकडेच जातो. गाडी निघाली तर पुढे रस्त्यावर आकेशियाचं झाड आडवं. मी ज्यांच्याशी तोवर धड बोललेही नव्हते ते आवाठातले सहा-सात जण पावसात कोयते, कुऱ्हाडी घेऊन आले, पाऊण तासात गाडीपुरती वाट केली. एकाने गाडीत बसून पेडण्यापर्यंत सोबत केली कारण ड्रायव्हरला रात्रीचा तो रस्ता माहीत नव्हता. सासूबाई नीट आहेत आता, चार दिवसांनी घरी आल्या.

गणपतीत गाव भरतं. चाकरमानी येतात, बंद घरांचे दिवे लागतात, भजनं रात्रभर. मग कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार. रात्री अकरा-साडेअकराला सुरू, आधी गणपती, भट, संकासुर असं आडदशावतार, मग आख्यान पहाटेपर्यंत, आणि संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, तिथल्या तिथे बोलायचे. सासूबाई शाल गुंडाळून पहाटे चारपर्यंत बसल्या होत्या. पन्नास वर्षं घरात पुणेरी मराठी बोलणारी बाई शेजारणीशी आता पूर्ण मालवणीत बोलते, मला निम्मं कळत नाही.

आता प्रश्न. याच आवाठात एक जुनं घर विकायचंय, दहा गुंठे जागा, बाव, अकरा माड. नगरपरिषदेच्या घरपत्रकावर एकाच माणसाचं नाव आहे, पण सातबाऱ्यावर बावीस नावं. एजंट म्हणतो काही प्रॉब्लेम नाही, मी सह्या आणतो, तुम्ही टोकन द्या. घ्यावं का? की अजून भाड्यानेच राहावं?

कऱ्हाकाठ

ताई खूप मनापासून लिहिलंय, थँक्यू. आम्हीपण विचार करतोय, मुलगी सातवीत आहे. शाळा कशा आहेत आणि इंटरनेटवर नोकरी खरंच करता येते का? आणि पुण्याहून येणंजाणं किती त्रासाचं?

पागोळी

@कऱ्हाकाठ शाळा चांगल्या आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि पुढे खर्डेकर कॉलेज आहे. पण क्लासेसची जी रांग पुण्यात असते ती इथे नाही, बारावीनंतर इथली मुलं कोल्हापूर, पुणे, गोवा अशी बाहेर पडतातच, ते धरून चाला.

नेट: फायबर आहे, चांगलं चालतं, पण झाड पडलं की केबल तुटते आणि जोडायला माणूस येईपर्यंत थांबायचं. आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर ठेवलाय. ज्याला रोज व्हिडिओ कॉल सोडवत नाही त्याने जून ते ऑगस्ट पुण्यात एखादी खोली हाताशी ठेवावी असं माझं स्पष्ट मत.

पुणं लांबच आहे. कोल्हापूरवरून आंबोली घाट उतरून यायचं, पावसात घाटात धुकं आणि दरडी, दिवसाच निघावं. मुंबईसाठी सावंतवाडी किंवा कुडाळ स्टेशन, तुतारी, कोकणकन्या वगैरे, पण गणपतीचं तिकीट बुकिंग उघडल्या उघडल्या संपतं.

मिठागर

मी शिरोड्याचो, सध्या ठाण्यात असतंय. १९३० चा मिठाचा सत्याग्रह आमच्या गावात झाला, म्हणून हे नाव घेतलंय.

पागोळीताई, तुम्ही चांगलं लिहिलात, तुमच्याविरुद्ध काही नाही. पण मला एक बोलायचंय आणि ते जरा कडक वाटेल. समुद्राकडची जागा बाहेरचे लोक घेतात, बंगला बांधतात, वर्षातले पंधरा दिवस राहतात, उरलेला वेळ कुलूप. आमच्या वाडीत असे पाच बंगले आहेत. रात्री त्या बाजूला दिवा नाही. जागेचे दर असे चढले की रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणाऱ्याच्या मुलाला लग्नानंतर वेगळं घर बांधायला गुंठाभर जागा मिळत नाही. वर त्या बंगल्यांना बोअर मारलेली, लॉनला पाणी. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा थर वर तरंगत असतो, खाली खारं, जास्त उपसलं की खारं पाणी वर सरकतं. आमच्या आजोबांनी खणलेली बाव, लहानपणी तिचं पाणी प्यायचो, आता एप्रिलमधे मचूळ लागतं. आईला ७० व्या वर्षी नळाची वाट बघत बसावं लागतं.

येवा, रवा, कोण नाय म्हणणा नाय. पण येणार असाल तर बारा महिने राहायला या, आणि बोअर मारू नका, बाव वापरा.

परत_फिरलो

मी दापोली तालुक्यात हर्णैजवळ दोन वर्षं काढली आणि ठाण्याला परत आलो, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो. एकटा होतो, वय तेव्हा ४१. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी किनाऱ्यावरच लिलाव होतो, बैलगाड्या पाण्यात जाऊन होड्यांवरून मासळी आणतात, ते बघायला मी पहिले सहा महिने रोज जायचो. मग जायचं बंद झालं. मला कळलं की मी रोज बघायला जातोय आणि तिथे मला ओळखणारं कुणी नाही. घरी यायचं, लॅपटॉप उघडायचा, पुण्या-मुंबईच्याच लोकांशी बोलायचं. दुसऱ्या पावसाळ्यात आठवडाच्या आठवडा दुकानदाराशिवाय कुणाशी तोंडी बोलणं झालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग बहिणीने येऊन नेलं.

गावाचा दोष नाही. मी कशालाच हात लावला नाही. पागोळीताई, तुमच्या घरच्यांनी हे कसं जमवलं ते जरूर लिहा, माझ्यासारख्या कुणाला उपयोग होईल.

पागोळी

@परत_फिरलो तुमचं वाचून खूप वाईट वाटलं, आणि इतक्या मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. आता बरे आहात ना?

आमचं जमलं ते नवऱ्यामुळे आणि ते ठरवून नाही झालं. ऑक्टोबरात तो सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर फिरायला गेला तर रापण लागलेली. होडीने जाळं लांब अर्धगोल सोडून आणलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, एकेका दोराला पंधरा-वीस माणसं. हा मोबाइलवर फोटो काढत उभा. एक म्हातारे काका म्हणाले, "बगतास काय, दोरी धरा." याने मोबाइल खिशात घातला आणि धरली. दोर ओला, वाळू चिकटलेली, दहा मिनिटांत तळहाताला फोड. मागे मागे चालत ओढायचं, शेवटाला पोचलं की दोर सोडून परत पुढे पाण्याकडे जाऊन धरायचा, असं दीड तास. जाळं जवळ आलं तेव्हा पाणी नुसतं चांदीसारखं फडफडत होतं म्हणाला. तारली, पेडवे, थोडे बांगडे, दोन-तीन लेप. सगळ्यांचे वाटे पडले आणि काकांनी आठ बांगडे याच्यापुढे धरले. हा म्हणाला नको, मी तर उगाच आलो. काका म्हणाले, "हात लावलास ना, मगे वाटो होयोच."

टीशर्टच्या ओच्यात बांगडे घालून घरी आला, हाताची सालं गेलेली, मी त्याला इतका खूश कित्येक वर्षांत बघितला नव्हता. त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा जातो. बाजारात लोक त्याला नावाने हाक मारतात. त्याच काकांच्या मुलाचे होडीच्या सबसिडीचे कागद याने भरून दिले, मग बाकीच्यांचे. आता संध्याकाळी खळ्यात कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेलं असतं.

माझं जमलं ते मासे घेताना. पहिले दोन महिने मी कोळणीशी घासाघीस करायची, तिने एक दिवस वाटा झाकूनच ठेवला. मग सासूबाई स्वतः आल्या, तिच्या शेजारी बसून कर्ली कशी कापायची यावर अर्धा तास बोलल्या. आता ती मला सांगते "आज घेव नको, काल्चा हा". याहून जास्त काय पाहिजे? आणि वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, हिवाळ्यात मी तिथे जाऊ लागले. घरटं जाळी लावून जपतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की पहाटे पाण्याकडे सोडतात. तळहाताएवढीही नसतात, वाळूवर थांबत थांबत जातात.

@मिठागर तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. बोअर मारणार नाही, हे आज इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

सातबारा_वाचक

मी रत्नागिरी जिल्ह्यात महसुलाच्या कामांशी संबंधित होतो, आता निवृत्त. ताई, टोकन अजिबात देऊ नका, आधी हे वाचा.

घरपत्रकावरचं नाव म्हणजे घरपट्टी कोण भरतो त्याची नोंद, जमिनीची मालकी नव्हे. कोकणात हे नेहमीचं आहे, घर एका भावाचं आणि खालची जमीन सगळ्या भाऊबंदांची सामाईक. सातबाऱ्यावर बावीस नावं दिसतायत म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्त वारस असू शकतात, कारण त्यातले काही वारले असतील आणि वारस नोंद झालेलीच नसेल. मुंबईत, बडोद्यात, परदेशात असतील. त्यातल्या एका आत्याच्या नातवाने दहा वर्षांनी दावा लावला तरी तुमची झोप जाते. आधी सगळ्या वारसांच्या नोंदी, फेरफार मंजूर, मग एकतर सरस-निरस वाटप (जमिनीचा कस बघून केलेली वाटणी) होऊन तो हिस्सा वेगळा मोजून, किंवा सगळ्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, त्यानंतर व्यवहार. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्थानिक वकिलाकडून घ्या, एजंटने आणलेल्या वकिलाकडून नको.

जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला सहसा लागेल, कूळकायद्याचं कलम ६३. बिनशेती असेल तर आदेशाची प्रत बघा. सत्ताप्रकार वर्ग १ (विकायला मोकळी) की वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी) ते बघा. आणि भरतीरेषेपासून अंतर मोजून घ्या, ५०० मीटरच्या आत सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम) लागतो, नगरपरिषद हद्दीत नियम थोडे वेगळे पण पडवी वाढवायची म्हटली तरी परवानगी लागू शकते.

सह्या आणतो म्हणणारे मी आयुष्यभर पाहिले. बावीसपैकी एकोणीस येतात आणि उरलेल्या तिघांसाठी लोकांची वर्षं गेलीत.

रातांबा

मी वेंगुर्ल्याची माहेरवाशीण, वय ६८, टाइप करायला वेळ लागतो. पावसाच्या चार गोष्टी सांगते. कपड्यांच्या कपाटात खालच्या बाजूला जुना पिवळा बल्ब लावा, कपड्याला न टेकेल असा, दिवसातून दोन तास पेटवा, बुरा धरत नाही. बिजागऱ्या पितळी घाला. डाळी, रवा उन्हात कडक करून घट्ट झाकणाच्या बरणीत. उकडे तांदूळ आणि कुळीथ भरपूर ठेवा, लाइट नसली तरी पेज आणि पिठी होते. आगळ (रातांब्यांचा रस) आत्ताच काढून ठेवा, रातांबे पावसाचं पाणी लागलं की कामाचे राहत नाहीत. माडाखाली गाडी लावू नका आणि पाडेलीला (माडावर चढणाऱ्याला) पावसाआधी बोलावून सुकी झावळं आणि नारळ उतरवून घ्या, वाऱ्यात कौलावर पडतात.

कलमं लावायची तर जूनमधे फळ संशोधन केंद्रातून आणा. काजूची वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ तिथलीच, आणि रत्ना आंबापण तिथेच तयार झाला १९८१ साली, हापूस आणि नीलम मिळून. पण भाड्याच्या घरात आधी मालकाला विचारा हो.

आणि कचरा वेगवेगळा करून ठेवायला शिकलात ना? आमच्या नगरपरिषदेने त्यात फार नाव काढलंय, मला अभिमान आहे. डंपिंगच्या जागी बाग केली, ओल्याचा गॅस होतो.

पागोळी

@रातांबा काकू, कचरा वेगळा नसेल तर गाडीवाले घेतच नाहीत, पहिल्याच आठवड्यात शिकलो :) बल्बची युक्ती सासूबाईंना वाचून दाखवली, त्या म्हणाल्या आमच्याकडे कंदील ठेवायचे.

@सातबारा_वाचक काका, तुमचे उपकार कसे मानू. तुम्ही लिहिल्यावर आम्ही तलाठी ऑफिसला जाऊन फेरफार काढले. बावीसपैकी नऊ जण हयात नाहीत आणि सहा जणांच्या वारसांची नोंद नाही. टोकन दिलं नाही. एजंटचा फोन येतोय, नवरा म्हणाला मीच बोलतो.

कऱ्हाकाठ

मग आता काय ठरलं ताई?

पागोळी

भाड्यानेच राहतोय. मालक मुंबईला असतात, त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले पाच वर्षांचा करार करू, घर उघडं राहिलेलं मलाही पाहिजे, बंद घर दोन पावसाळ्यात बसतं. नळे परतायचा खर्च अर्धा अर्धा. मागच्या बाजूला दोन काजूची कलमं लावायला परवानगी दिली, मी मुद्दाम लेखी मागितली नाही.

@परत_फिरलो तुम्हाला खरंच यावंसं वाटलं तर ऑक्टोबरात या, आमची एक खोली रिकामी असते. रापणीवर माणसं कमीच पडतात हल्ली, तरुण मुलं गोव्याला कामाला जातात.

यंदा झाप विणणाऱ्याला एप्रिलमधेच सांगितलं होतं. काल तो आणि त्याची बायको येऊन पश्चिमेची पडवी बांधून गेले, चोवीस झाप लागले, सुंभाने बांधलेत, तारेने नाही, तार गंजते. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या आणि गाठ कुठे मारायची ते सांगत होत्या. सुक्या बांगड्यांची बरणी भरलीय, गोलमा उद्या आणायचाय, आणि यावेळी एक डबा काकींसाठी जास्तीचा.